गिटारीखालची तिकिटं

आमच्या विहिरीचं पाणी खारट होतं. भातकुलीकडच्या पट्ट्यात ज्यांनी दिवस काढले त्यांना हे वेगळं सांगायला नको. वरून जमीन काळीभोर, बघणाऱ्याला वाटावं इथं काय वाटेल ते पिकेल, आणि खाली पाणी असं की त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. बाबा त्या पाण्यावर वांगी काढायचे. वांगं कसंबसं तग धरतं. कोथिंबीर आठ दिवसांत मान टाकते. प्यायचं पाणी माय डोक्यावरून लांबून आणायची. ती गेली त्या वर्षी मी सातवीत होतो.

पावसाळा सरला की बाबा मोर्शीकडच्या बागांमध्ये डोळे बांधायला जायचे. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाला चाकूनं बारीक चीर द्यायची, तिच्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि वरून गच्च बांधायचं, म्हणजे मूळ जंबेरीचं राहतं आणि झाड संत्र्याचं होतं. या कामात बाबांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी दुसऱ्यांच्या बागा उभ्या करून दिल्या. आमच्या वावरात संत्र्याचं एक झाड जगलं नाही.

भाऊ, म्हणजे माझा थोरला भाऊ, पाचवीतून शाळेतून निघाला. कोणी काढला नाही, आपणच निघाला. मास्तरांनी विचारलं, "काहून रे, शाळा काहून सोडून राहिला?" तर म्हणतो कसा, "गुरुजी, एकाले पाणी द्या लागते, एकाले शिका लागते. धाकला हुशार आहे." मी तेव्हा दुसरीत होतो आणि हुशार वगैरे काही नव्हतो. मोट हाकायला लहान पडत होतो, एवढंच. पण भाऊचं ते वाक्य मॅट्रिकपर्यंत आणि पुढं अमरावतीच्या कॉलेजातही माझ्या मानेवर बसून होतं. नापास व्हायची सोयच नव्हती.

मी कॉलेजात गेलो त्या सुमारास बाबांनी भातकुलीचा नाद सोडला. भाऊनं अकोल्याला मोर्णेच्या काठी मोगऱ्याची बाग वाट्यानं घेतली आणि एका सिनेमा थेटरासमोर हाराचं दुकान मांडलं. दुकान म्हणजे एक पाट, एक ओलं पोतं आणि त्यावर मोगरा. त्याची बायको, आमची वयनी, घरी हार ओवायची, भाऊ विकायचा. शिवाय सकाळी रेल्वेच्या बंगल्यांवर फुलं पोचवायचा, आणि तिथंच त्याला ती गिटार भेटली.

एका गार्डाची बाई व्हरांड्यात बसून वाजवायची. गिटार आडवी मांडीवर, डाव्या हातात लोखंडी कांडी. ती कांडी तारांवरून सरकवली की सूर असा घसरत जायचा जसं कोणी हाक मारत लांब जात आहे. भाऊ फुलांची टोपली घेऊन कुंपणाशी उभाच राहायचा. गार्डाची बदली झाली तेव्हा सामान आवरताना बाईनं गिटार त्याच्या हातात दिली. वयनी म्हणायची, "बाईनं ओळखलं. हा माणूस फुलं द्याले येत नव्हता."

शिकवणारं कोणी नाही. भाऊ कानानं शिकला, भजनं वाजवायला लागला. मग दोन जाड तारा तुटल्या. लढाईचे दिवस, गिटारीच्या तारा मुंबईतही मिळत नव्हत्या म्हणे, तिथं अकोल्याची काय कथा. भाऊनं भजनाच्या तंबोऱ्याच्या पितळी तारा चढवल्या. आवाज असा गोड, घुमणारा निघाला की मूळच्या तारा तो विसरूनच गेला. मीही विसरलो. या पितळेनं पुढं माझी इज्जत काढली.

निकाल लागला आणि मी बी.एस्सी. झालो. आमच्या कुळात मॅट्रिकही कोणी नव्हतं, तिथं मी बी.एस्सी. झालो. हे मी आजही मिरवतो, मिरवण्यासारखंच आहे. ट्रंक घेऊन अकोल्याला उतरलो. बाबांनी ट्रंक खाली ठेवून घेतली, मला पाणी दिलं आणि विचारलं,

"मंग आता तुले काय काय येते?"

"फिजिक्स," मी म्हटलं.

"ते काय असते?"

"वीज, चुंबक, आवाज... हे सगळं कसं चालतं ते."

"आवाज?" बाबा भाऊकडं वळले. "घे रे. तुयं काम झालं."

भाऊचं काम असं होतं. समोरच्या थेटरात रविवारी दुपारच्या खेळाआधी स्टेजवर थोडं गाणं-वाजवणं व्हायचं. हार भाऊच्याच दुकानातून जायचे. तो हार घेऊन मागच्या दारानं आत जायचा, ते स्टेजवर मांडायचा आणि मॅनेजर म्हणायचा, "ठेवले? आता उतरा खाली." मॅनेजर पुण्याकडचा. बोलणं मऊ, पण त्यात फट नाही. भाऊनं धीर करून त्याला एकदा गिटार ऐकवली होती. मॅनेजर म्हणाला, वाजवता छान, पण तिसऱ्या रांगेपलीकडं जात नाही. थेटरात माइक एकच. तो गिटारीपुढं धरला की पंख्यांची घरघर जास्त आणि गिटार कमी. तरी भाऊ मागं लागून राहिला. शेवटी मॅनेजरनं शब्द दिला: "येत्या रविवारच्या पुढचा रविवार. खेळाआधी दहा मिनिटं तुमची. मी मागच्या दाराशी उभा राहीन. मला तिथं स्वच्छ ऐकू आलं तर दर रविवार तुमचा. नाही आलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"न् नाई आलं तर मी गिटार तुया ट्रंकीत घालतो," भाऊ मला म्हणाला. "बाबाले तसा शब्दच देल्ला आहे. दुकान टाकून वाजवत बसतो म्हणून ते रोज बोलतात. खोटं नाई बोलत. पण लेका, चार वर्ष झाले, माया हातचा हार वर जाते न् मी खाली राह्यतो. एक डाव मले वर बसू दे."

मी लगेच छाती पुढं काढली. अमरावतीला लायब्ररीत एका अमेरिकन मासिकात मी वाचलं होतं: गिटारीच्या तारांखाली लोहचुंबक ठेवायचा, चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेढे, वर गिटारीची तार थरथरली की खालच्या वेढ्यांत तशीच वीज थरथरते, ती वायरीनं यंत्रात न्यायची आणि भोंग्यातून आवाज मोठा होऊन बाहेर. चित्र होतं, माप नव्हतं. मी म्हटलं, "दहा दिवसांत करतो."

"पाह्य बाप्पा," वयनी म्हणाली. "परीक्षेत मार्क देनारे दूर राह्यतात. आमी इथंच बसेल आहो."

थेटराच्या आपरेटरनं मोडक्या टेलिफोनचे दोन लोहचुंबक आणि एका जळालेल्या रेडिओचं वेटोळं दिलं. त्यातली तार केसाहून बारीक. ती उलगडून फळकुटाच्या चपट्या रिळावर गुंडाळायची होती, हजारो वेढे, आणि तुटली की पहिल्यापासून. हातानं जमेना. वयनीनं चरखा पुढं ओढला, चातीवर रीळ अडकवलं आणि म्हणाली, "सरका." तिनं सूत कातावं तशी तार चढवली, मी वेढे मोजत बसलो. दोन दिवसांत वेटोळं तयार. मध्ये लोखंडी पट्टी, खाली चुंबक, आणि ते सगळं गिटारीच्या गोल भोकावर आडव्या पट्टीनं बसवलं. आपरेटर ग्रामोफोनच्या डोक्याला पिकप म्हणायचा, यंत्रात त्याची जागा होती तिथंच आमची वायर जाणार होती, म्हणून आम्हीही याला पिकपच म्हणू लागलो.

सकाळी थेटर रिकामं असायचं. आपरेटरनं वायर खोचली, भाऊ स्टेजवर बसला, बाबा पहिल्या रांगेत. भाऊनं कांडी ठेवून तार छेडली मात्र, भोंग्यातून अशी किंकाळी निघाली की वरच्या लाकडातले सगळे पारवे उडाले. आपरेटरनं आवाज उतरवला. किंकाळी थांबली, तेव्हा दुसरंच कळलं. चार तारा बोलत होत्या, तेही लंगडत. सूर सुरू व्हायचा आणि वाकडा होऊन मरायचा. आणि दोन जाड तारा बोलतच नव्हत्या. भाऊ त्यांना छेडतो आहे हे दिसत होतं, भोंगा चूप. त्याचं सगळं भजन तर त्या दोन तारांवर उभं.

बाबा उठले. "बी.एस्सी.च झाला ना रे तू? का फी भरून घरी आला?"

मी घरी येऊन वेटोळं सोडलं आणि रात्रभर चरख्याशी बसून पुन्हा गुंडाळलं. माझं गणित सरळ होतं: दोन तारांचा आवाज येत नाही, तर पिकप कमजोर, आणि पिकप जितका तारांजवळ तितका आवाज जास्त. म्हणून मी तो आणखी वर चढवला, तारांना टेकेल इतका. दुसऱ्या सकाळी चार तारा आधीपेक्षा वाईट लंगडू लागल्या आणि दोन तशाच मुक्या. किंकाळी तर होतीच. तिसऱ्यांदा गुंडाळायला बसलो तेव्हा भाऊनं हात धरला.

"थांब. तू पिकपाकडंच पाहून राहिला. मी वाजवून राहिलो ना, मले इचार. हा तुया चुंबक तारीले खाली ओढून राहिला. मले बोटाले समजते. तार हालाले पाह्यते न् हा तिचा पदर धरते."

मला हे पुस्तकात समजायला हवं होतं. चुंबक तारेला ओढणारच. फार जवळ गेला की तिला मोकळं हलू देणार नाही. भाऊ पाचवी शिकलेला आणि त्यानं बोटानं ओळखलं. आता पिकप खाली घ्यायचा, पण केसभर केसभर, आणि मोजायला काहीच नाही. आपरेटरनं फाटलेल्या तिकिटांचा गठ्ठा दिला. पट्टीच्या दोन्ही टोकांखाली तिकिटं सरकवायची: एक घातलं की पिकप तेवढा वर, एक काढलं की तेवढा खाली. भाऊ वाजवायचा, मी तिकिटं काढायचो.

"काढ एक."

काढलं.

"अजून एक. हां. आता सूर पाय टेकून चालते. पण पातळ तारा मागं राह्यल्या."

"मग पुन्हा वर करू?"

"अबे, सारा काहून वर करतो? पाण्याच्या बाऱ्यावर कधी उभा राह्यला का नाई तू? पाटाजवळचा वाफा पह्यले भरते न् टोकाचा तहानते. मंग जवळच्याचं तोंड आपण लहान करतो. पातळ तारांकडून एक तिकीट घाल, जाड्यांकडून एक काढ."

पिकप तिरपा झाला आणि चार तारा एका उंचीनं बोलू लागल्या, एखाद्या घरातली माणसं जेवायला बसल्यावर बोलतात तशा. दोन जाड मात्र गप्पच. तिकिटं काढा, घाला, त्यांना फरक नाही.

रविवार चार दिवसांवर आला होता. मी अंगणात गिटार पुढं घेऊन बसलो होतो. वयनी मोगरा ओवत होती. तिच्याकडं दोऱ्याला बांधलेला चुंबकाचा लहानसा तुकडा असायचा. हार ओवताना सुई पडली की ती तो जमिनीवर फिरवायची आणि सुई टचकन चिकटून वर यायची. त्या दिवशी सुई पडली ती गिटारीवर. वयनीनं चुंबक तारांवरून फिरवला. पातळ तारांवर तो चिकटत, सुटत गेला, आणि जाड तारांवरून सरळ घसरला.

"भाऊजी," ती म्हणाली, "ह्या तंबोऱ्याच्या तारा ना? पितळीच्या?"

"हो."

"मंग तुमचं पिकप त्यायले कसं धरन? पितळीले चुंबक कुठं चिकटते? मायी पितळी नथ पडली की मले हातानंच पाहा लागते."

हे चौथीतलं पोरगंही सांगेल. मी तीन वर्षं लोहचुंबक शिकलो, त्यावर परीक्षा दिली, आणि दोन वेळा वेटोळं गुंडाळलं. पण चुंबक तारेला लावून पाहायचं माझ्या मनात आलं नाही. तंबोऱ्याच्या तारा आमच्या घरात इतक्या जुन्या होत्या की त्या कशाच्या, हा प्रश्नच मला पडला नव्हता.

वयनीनं हसू दाबलं नाही. "मार्क किती पडले होते म्हणता?"

हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडं स्प्रिंगची जाड पोलादी तार मिळाली. गुंडाळीतून ती सरळ करता करता आमची बोटं सोलली. तंबोऱ्याच्या तारा काढताना भाऊचा हात अडखळला, कारण तो गोड घुमारा जाणार होता. "जाऊ दे," तो म्हणाला, "घरात वाजवाले त्या बऱ्या होत्या." नवी तार चढली, थेटरात गेलो, आणि पहिल्यांदा सहाच्या सहा तारा भोंग्यातून आल्या. भाऊचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तो पाहिल्यावर रविवारची भीती मला जास्त वाटू लागली.

कारण किंकाळी गेली नव्हती. आवाज मागच्या दारापर्यंत जाईल इतका चढवला की ती यायचीच. आवाज उतरवला की ती जायची, पण मग तिसरी रांगच. मी वायर बदलली, भोंग्यापासून लांब बसून पाहिलं. शुक्रवार उजाडला.

पहिल्या दिवसानंतर बाबा थेटरात आले नव्हते. शुक्रवारी आले, पिकप हातात मागितला, कानाशी नेला आणि नखानं टिचकी मारली. मग वायर खोचायला लावून पुन्हा मारली. भोंग्यातून दार ठोठावल्यासारखं ठक ठक आलं.

"हे आत ढिलं आहे," बाबा म्हणाले. "तारीचे वेढे एकमेकाले घासून राहिले. आवाज आला की हे हालते, हे हालते म्हणून अजून आवाज येते. असंच होऊन राहिलं ना?"

असंच होत होतं. मी मान हलवली.

"डोळा बांधला न् तो आत हालला की मरते. केवढाही चांगला डोळा असो. त्याले हालूच देवाचं नाई. चाल घरी."

बाबांच्या चाकूच्या थैलीत मेणाचा गोळा कायम असायचा. डोळे बांधायच्या दोऱ्याला ते मेण लावायचे, म्हणजे गाठ सरकत नाही आणि पाणी आत जात नाही. त्यांनी वाटीत मेण घातलं, वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली. मी म्हटलं, सरळ चुलीवर ठेवा, लवकर वितळेल. "न् तुयी तार जयन," ते म्हणाले. मेण पातळ झालं तसं वेटोळं त्यात सोडलं. बारीक बुडबुडे वर येत राहिले, वेढ्यांमधली हवा निघत होती. बाबा ते थांबेपर्यंत उकिडवे बसून होते. मग वेटोळं बाहेर काढून, मेण घट्ट व्हायच्या आत, त्यांनी त्यावर दोरा गुंडाळला. बोटांची ती चपळाई मी मोर्शीच्या बागांत लहानपणी पाहिली होती. दोरा कुठं एकावर एक चढला नाही, शेवटची गाठ कुठं मारली ते दिसलं नाही.

"आता वर्षभर सोडू नोको," ते म्हणाले. मग त्यांनाच हसू आलं. "मले संत्र्याचंच सुचते."

शनिवारी सकाळी आपरेटरनं आवाज चढवत नेला. आम्ही घरचे चौघं कान टवकारून बसलो होतो. किंकाळी आली नाही. त्यानं आणखी चढवला. भाऊनं कांडी सरकवली आणि सूर रिकाम्या खुर्च्यांवरून मागच्या भिंतीपर्यंत जाऊन आला. भोंग्यात थोडी गुणगुण राहिली होती, माशी अडकल्यासारखी. भाऊ म्हणाला, "तंबोरा समज." मी पिकपाची तिकिटं गोंदानं चिकटवून टाकली: पातळ तारांकडं चार, जाड तारांकडं दोन.

रविवारी भाऊनं हार सकाळीच ओवून घेतले आणि दुकानावर बाबांना बसवलं. पण हार स्टेजवर नेऊन ठेवायची वेळ आली तेव्हा सवयीनं तोच घेऊन निघाला, मागच्या दारानं. हार मांडले. मॅनेजर विंगेत उभा होता. तोही सवयीनं म्हणाला, "ठेवले? आता उतरा..." आणि थांबला. मग म्हणाला, "बसा," आणि मागच्या दाराकडं चालू लागला.

थेटर भरलं होतं. पुढच्या बाकांवर शेंगदाणे फुटत होते, पंखे घरघरत होते, बायकांच्या पडद्याआड लेकरं रडत होती. वयनी तिथंच होती. मी बाजूला भिंतीशी उभा, एक डोळा पिकपावर, एक मॅनेजरवर. तो दाराशी पोचला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

भाऊनं पहिला सूर लावला तो त्या नव्या जाड तारेवर. तंबोऱ्यासारखा गोड नव्हता, पण पोलादासारखा सरळ होता. दोन-चार डोकी वळली. मग भाऊ भजनावर आला, जे आमच्या भातकुलीच्या ओट्यावर बाबा म्हणायचे तेच, आणि शेंगदाणे फुटायचे थांबले. पडद्याआडून एक म्हातारी पुढची ओळ म्हणायला लागली. कोणी तिला गप्प केलं नाही. मी मॅनेजरकडं पाहिलं. त्यानं हाताची घडी सोडली होती आणि दाराबाहेर पाहत होता. मी म्हटलं, कंटाळला. पुन्हा पाहिलं तर तो दाराशी नव्हता. नंतर आपरेटरनं सांगितलं, तो बाहेर रस्त्यावर गेला होता, तिथून ऐकू येतं का बघायला. रस्त्यापलीकडं बाबा दुकानावर बसले होते. मॅनेजरनं त्यांना विचारलं म्हणे, "इथं ऐकू येतं का हो?" बाबांनी ओंजळभर मोगरा उचलून टोपलीत टाकला आणि म्हणाले, "सायब, तुमी इथं उभे राह्यले न् गिटार ऐकली, मंग मले कायले इचारता?"

मॅनेजर आत आला. भाऊची दहा मिनिटं होऊन गेली होती. त्यानं थांबवलं नाही.

संध्याकाळी बाबांनी माझी ट्रंक उघडून पाहिली. "जागा आहे हो अजून," ते म्हणाले. "पुस्तकं ठेव तुयी." शिकून मला काय येतं, हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. वयनीनं मात्र जन्मभर विचारलं.

मला पुढं अमरावतीला शाळेत सायन्स शिकवायची नोकरी लागली. चुंबकाचा धडा आला की मी आधी पोरांच्या हातात पितळेची तार द्यायचो. भाऊ त्या थेटरात दर रविवारी स्टेजवर बसून वाजवू लागला आणि पुढच्या दारानं आत जाऊ लागला.